शेजारी-शेजारी बसून चालवायची जोडसायकल : कोणी पाहिली, चालवली किंवा बनवली आहे का?

निंबोणी

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. पुण्यात चाळीसेक वर्षं सायकलनेच कामावर गेले. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली आणि गेली दोन वर्षं उजेड-सावली तेवढी कळते. सायकल अजून जिन्याखाली उभी आहे. दर रविवारी ते तिला पुसतात, चेनला तेल देतात, मागचं चाक फिरवून आऱ्यांवरून बोट फिरवतात आणि कुठला आरा सैल झालाय ते सांगतात.

मागच्या महिन्यात मैत्रिणीकडून टँडम आणली, म्हणजे एकामागे एक बसायची दोघांची सायकल. मी पुढे, बाबा मागे. सहा किलोमीटर गेलो. उतरल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "चांगलं होतं. पण सबंध रस्ताभर मला तुझी पाठच लागली." मी काय बोलत होते ते वाऱ्यात त्यांना नीट ऐकूच आलं नव्हतं.

त्यानंतर एक जुना अमेरिकन फोटो पाहण्यात आला. एकच सायकल, दोनच चाकं, आणि तिच्यावर एक जोडपं बाकावर बसावं तसं शेजारी-शेजारी बसलंय. बाबांना वर्णन करून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तोल कसा साधत असतील?"

तोच प्रश्न इथे विचारते. या सायकली खरंच चालायच्या का? मग गेल्या कुठे? आणि आज आपल्याकडे अशी एखादी बनवता येईल का?

कोकणकडा

बाबांना नमस्कार सांगा. तो फोटो मीही पाहिलाय. मला वाटायचं स्टुडिओत उभं करून काढलेला असेल. खरंच रस्त्यावर चालत असेल असं मनातही आलं नव्हतं.

रोचेस्टरकर

चालायची, आणि ती ज्या गावात बनायची तिथेच मी गेली अकरा वर्षं राहतोय, त्यामुळे उत्तर द्यायलाच हवं.

तुम्ही पाहिलेली बहुधा 'पनेट कंपॅनियन'. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये पनेट नावाच्या सायकल कंपनीने १८९६ च्या सुमारास ती काढली. दोन सीट शेजारी-शेजारी, पॅडलांच्या दोन जोड्या, आणि चाकं मात्र नेहमीच्या सायकलसारखी एकापुढे एक. त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या वुल्फ कंपनीनेही 'वुल्फ-अमेरिकन' या नावाखाली असं एक जोड मॉडेल काढलं होतं, त्याला ते 'डुप्लेक्स' म्हणत.

काळ लक्षात घ्या. १८८५ मध्ये इंग्लंडात रोव्हर सेफ्टी आली, दोन जवळपास सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेन असलेली. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत सायकलचं अक्षरशः वेड पसरलं. गावोगावी कारखाने निघाले आणि जो-तो काहीतरी वेगळं करून दाखवायच्या मागे होता. कंपॅनियन त्या दिवसांतली.

आता अगदी थोड्या उरल्यात, संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत. मी चालवलेली नाही. एकदा जवळून पाहिली आणि सगळ्यात आधी नजर हँडलवर नाही, सीटवर गेली. दोन सीटमध्ये जेमतेम हातभर अंतर. त्या अंतरात कुजबुजलेलंही ऐकू येईल.

धंतोली

दोघांचं वजन सारखं असेल तर समजू शकतो. पण एक ८० किलोचा आणि दुसरी ५० ची असेल तर? जड माणसाच्या बाजूला सायकल झुकणार, तराजूचं पारडं खाली जातं तशी. मग ती सरळ चालणार कशी? जाहिरातीत काहीही लिहितात हो.

फ्लायव्हील

धंतोली, झुकते हे बरोबर. पण उलट्या बाजूला झुकते! आणि हीच त्या सायकलची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

तराजूला मधे टांगलेला आधार असतो. सायकलला खाली जमिनीवर, दोन टायर टेकतात ती एक रेघ, एवढाच आधार. पडायचं नसेल तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य त्या रेघेच्या बरोबर वर यायला हवा. जड माणूस उजवीकडे असेल तर गुरुत्वमध्य मधल्या पट्टीपासून उजवीकडे सरकलेला असतो. त्याला परत रेघेवर आणायचं तर सबंध सायकल डावीकडे कलायला हवी. म्हणजे हलका माणूस जरा खाली जातो आणि जड माणूस जरा वर येतो.

आकडे घालून पाहू. दोन सीटमध्ये ४४ सेंमी अंतर धरा, म्हणजे प्रत्येक जण मध्यापासून २२ सेंमीवर. ८० आणि ५० किलो. गुरुत्वमध्य सरकतो २२ × ३० ÷ १३०, साधारण ५ सेंमी. बसलेल्या माणसांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून मीटरभर उंच धरला तर लागणारा कल जेमतेम ३ अंश. पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही.

एकटाच बसला तर? ७० किलोचा माणूस आणि २५ किलोची सायकल धरली तर कल १० अंशांच्या आसपास येतो. हा मात्र लांबूनही दिसेल. सायकल एका बाजूला कललेली आणि माणूस तिच्या कडेला, तरी चालते.

निंबोणी, बाबांना सांगा: तोल तसाच साधतो जसा नेहमीच्या सायकलवर, पडायला लागलो त्या बाजूला हँडल किंचित वळवून. दोन माणसं आहेत की एक, हे सायकलला कळत नाही. तिला फक्त गुरुत्वमध्य कळतो.

धंतोली

दोनदा वाचलं, पटलं नाही. मग उठून उजव्या हातात पाण्याची भरलेली बादली घेतली आणि आरशासमोर उभा राहिलो. डावीकडे कललोय! आयुष्यभर बादल्या उचलल्या आणि हे आज पाहिलं. मान्य, मागे घेतो.

निंबोणी

बादलीचं बाबांना वाचून दाखवलं. ते खूश झाले. म्हणाले, "विहिरीवरून कळशी आणणारी कुठलीही बाई हे सांगेल."

मिडलँड्सची माई

अगं निंबोणी, तू गोष्टीच्या शेवटापासून सुरुवात केलीस. कंपॅनियन ही या घराण्यातली धाकटी. थोरल्या सगळ्या इंग्लंडातल्या आमच्या कोव्हेंट्रीतल्या, आणि त्या दोन नाही, तीन-चार चाकांच्या.

१८७० च्या दशकात सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढं उंच चाक आणि मागे चिमुकलं. तिच्यावर चढायचं म्हणजे तरणाबांड पोरगा हवा. घोळदार झग्यातल्या बाईला ते अशक्य, वयस्क माणसाला धोक्याचं. म्हणून तीनचाकी निघाली. आणि तीनचाकी पडत नाही म्हटल्यावर शेजारी दुसरी सीट टाकायला काय हरकत? या दोन सीटवालीला नाव पडलं 'सोशिएबल'. आपल्याकडे असती तर मी तिला गप्पांची सायकल म्हटलं असतं.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी जेम्स स्टार्ली नावाचा माणूस आहे. ससेक्समधल्या शेतकऱ्याचा मुलगा. शिवणयंत्रं दुरुस्त करता-करता कोव्हेंट्रीत आला आणि शिवणयंत्रांचा तोच कारखाना १८६९ मध्ये सायकली बनवायला लागला. १८७७ च्या सुमाराला तो आणि त्याचा मुलगा विल्यम आपल्या नव्या शेजारी-शेजारीच्या गाडीवर फिरायला निघाले, अशी गोष्ट इथे सांगतात. बाप एका बाजूचं चाक चालवतोय, मुलगा दुसऱ्या बाजूचं. मुलगा तरुण, पायांत जोर जास्त. त्याच्या बाजूचं चाक पुढे पळायचं आणि गाडी बापाच्या बाजूला वळायची. शेवटी एका चढावर गाडी सरळ रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपांत शिरली. स्टार्ली तिथेच बसून विचार करत राहिला आणि उठला तो डिफरन्शियलची कल्पना घेऊनच. दोघांचा जोर एका ठिकाणी गोळा करायचा, मग दोन्ही चाकांना सारखा वाटून द्यायचा, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू द्यायचं.

झुडपांचा तपशील पुढे सांगणाऱ्यांनी रंगवला असेल. पण बाप आणि मूल शेजारी-शेजारी बसल्यामुळे ही कल्पना सुचली, हे मला फार आवडतं. तुझा धागा वाचल्यावर जास्तच.

पुढे १८८१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याच्या 'सॅल्व्हो' तीनचाकी मागवल्या आणि गाडीचं नाव 'रॉयल सॅल्व्हो' झालं. त्याच वर्षी स्टार्ली गेला. ग्रेफ्रायर्स ग्रीनच्या हिरवळीवर १८८४ मध्ये त्याचं स्मारक उभारलं, त्यावर दगडात सायकली कोरल्यात. आणि आत्ता रोचेस्टरकरांनी ज्या रोव्हरचं नाव घेतलं ती त्याच्या पुतण्याची, जॉन केम्प स्टार्लीची.

जुनी पानं

माई, सुंदर लिहिलंय. एक दुरुस्ती. डिफरन्शियल स्टार्लीने पहिल्यांदा शोधलं असा समज होऊ नये. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने १८२० च्या दशकातच वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं होतं. स्टार्लीचं श्रेय हे की माणसाने पायाने चालवायच्या गाडीत त्याने ते बसवलं आणि चालवून दाखवलं. मोटारी यायच्या कितीतरी आधी.

मिडलँड्सची माई

बरोबर आहे तुमचं. इथल्या लोकांसमोर पेकरचं नाव काढलं की जरा शांतता पसरते, त्यामुळे मीही सवयीने गाळलं. 'पुन्हा शोधलं' असं वाचा.

धंतोली

आमच्या नागपुरात सायकलरिक्षा होत्या तेव्हाची आठवण. रिक्षाची चेन मागच्या एकाच चाकाला जोर द्यायची, दुसरं नुसतं फिरायचं. लहानपणी मी रिक्षावाल्या काकांना विचारलं होतं की दोन्ही चाकांना का नाही? ते म्हणाले, "दोन्हीले देलं तं वळनच नाही घेत बावा." डिफरन्शियलवर सगळ्यात स्वस्त उतारा: एका चाकाला सुट्टी द्या.

छर्रा

माझं सायकलचं दुकान आहे, कोल्हापूरकडे. वडिलांपासूनचं. स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

ताई, टँडमच घ्या. शेजारी-शेजारीचा नाद सोडा. कारणं सांगतो. टँडमला दोन माणसांचा जोर आणि वारा मात्र जवळपास एकाच माणसाचा, कारण मागचा पुढच्याच्या आडोशाला असतो. म्हणून सपाटीवर ती एकट्याच्या सायकलपेक्षा पळते. शेजारी बसलात की जोर दुप्पट आणि वाराही दुप्पट, फायदा शून्य. वर वजन. वर रुंदी. आपले रस्ते बघा, एका सायकलला जागा मिळत नाही तिथे तुम्ही दोघं आडवे जाणार? आणि ती दोनचाकी म्हणजे चढता-उतरताना कसरत. एक जण बसला की सायकल कललेली, दुसरा बसला की सरळ व्हायला बघणार. न दिसणाऱ्या माणसाला त्यावर बसवू नका.

जुन्या गोष्टी छान असतात पण जग त्यांना सोडून पुढे गेलं ते उगीच नाही.

कातळशिल्प

छर्रा यांच्याशी सहमत, टँडमबद्दल एक गोष्ट पुढे न्यावीशी वाटते. निंबोणी, तुम्ही पुण्यात आहात म्हणून मुद्दाम. तिथल्या अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशनने टँडमवर मनाली ते लडाखमधली खारदुंग ला खिंड अशा मोहिमा केल्यात, एक डोळस आणि एक दृष्टिहीन अशा जोड्यांच्या. संस्थापक दिव्यांशु गणात्रा यांची स्वतःची नजर एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूनेच गेली. पॅरालिम्पिकमध्येही दृष्टिहीन सायकलपटू टँडमवर मागे बसून शर्यती करतात. तेव्हा मागची सीट ही दुय्यम असं बाबांनी मानू नये. मागच्याचे पाय नसतील तर पुढचा खारदुंग ला सोडाच, सिंहगडाच्या पायथ्यालाही पोचणार नाही.

निंबोणी

कातळशिल्प, ही माहिती बाबांसाठी मोठी आहे. काचबिंदू हा शब्द वाचला तेव्हा त्यांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं. मनापासून आभार.

छर्रादादा, राग कसला? तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे. पण आम्हाला वेग नकोय. बाबा मागच्या सीटला कमी लेखत नाहीत. त्यांना रस्ता ऐकायचा असतो, आणि मध्येच विचारायचं असतं की हे काय आलं, इथे पूर्वी पिठाची गिरणी होती ती आहे का. टँडमवर मी मान वळवून उत्तर दिलं की सायकल हलायची. म्हणून मग ते विचारेनासे झाले. सहा किलोमीटरांतले शेवटचे चार आम्ही काहीही न बोलता गेलो.

शेवंता

हे वाचून वेण्णा लेकची पॅडल बोट आठवली. महाराष्ट्रातल्या निम्म्या लोकांनी शेजारी-शेजारी बसून चालवलेलं एकमेव वाहन ते असेल! लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात गेलो होतो. बोटीत दोघांची पॅडलं एकाच दांड्याला, त्यामुळे माझे पाय त्यांच्या वेगाने फिरत होते आणि मी ओरडत होते की हळू. वळवायचा दांडा मधोमध. दोघांनी एकदम धरला आणि बोट एका जागी गोल फिरत राहिली. किनाऱ्यावरचा कणीसवाला हसून बेजार. आज तेहतीस वर्षं झाली, तिथे केलेलं बाकी काही आठवत नाही, ते गोल फिरणं आठवतं.

फ्लायव्हील

शेवंताताई, तुम्ही गमतीत नेमका मुद्दा सांगितलात. टँडममध्येही तसंच असतं: पुढचा आणि मागचा क्रँक (पॅडलं जोडलेला दांडा) एका चेनने बांधलेला, दोघांचे पाय एकाच तालात. एकाने थांबवले की दुसऱ्यालाही थांबवावे लागतात. स्टार्लीच्या काळातल्या गाड्यांना तर आजचं फ्रीव्हीलही नव्हतं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, उतारावर पाय उचलून वर धरायचे. फ्रीव्हील रुळलं ते शतक संपता-संपता. आज बनवायची तर दोघांना वेगळं फ्रीव्हील देता येईल, म्हणजे बाबा दमले तर नुसते बसून राहतील आणि तुम्ही चालवत राहाल.

कोकणकडा

मला मूळ प्रश्नातला मधला भाग अजून खुणावतोय: गेल्या कुठे? एवढी सुंदर कल्पना मेली कशी?

जुनी पानं

माझ्या मते तिला तिच्याच पुतण्याने मारलं, म्हणजे रोव्हर सेफ्टीने.

आधी भरभराट बघा. १८७९ मध्ये कोव्हेंट्रीत तीन-चार चाकींचे वीसेक प्रकार बनत होते. १८८४ मध्ये वीस कारखानदार मिळून १२० हून जास्त प्रकार. पाच वर्षांत! आणि मग सेफ्टी आली. ती बुटकी होती, हलकी होती, आणि आडवी नळी खाली उतरवली की घोळदार कपड्यांतही चालवता यायची. ज्या बाईला सोशिएबलवर कोणाच्या तरी शेजारी बसून जावं लागायचं, ती आता स्वतःची सायकल घेऊन जायला लागली. दोन सायकलींवर शेजारून जाताना गप्पाही मारता येतात. मग दोघांचं अवजड धूड कोण ओढेल?

रुंदीचा त्रास होताच. सोशिएबल दारातून, फाटकातून आत जायची नाही. म्हणून काही गाड्या अशा केल्या होत्या की एक बाजू सोडवून ठेवली की उरलेली एकट्याची तीनचाकी व्हायची. टँडम तेवढी टिकली, कारण ती अरुंद आणि वेगवान. १९०८ पासून १९७२ च्या म्युनिकपर्यंत ऑलिंपिकमध्ये टँडमची शर्यतही होती. मजा म्हणजे १८९० च्या दशकात बऱ्याच टँडमवर बाई पुढे बसायची, रस्ता मोकळा दिसावा म्हणून, आणि मागे बसलेल्या पुरुषाच्या हँडलवरून दांड्याने पुढचं चाक वळायचं.

रोचेस्टरकर

जुनी पानं यांचं पटतं, पण थोडं वेगळं मांडतो. सोशिएबल हरली ती सायकल म्हणून नाही. तिची गरज संपली, कारण प्रत्येकाला स्वतःची सायकल चालवता यायला लागली. मग ज्याला स्वतःची चालवता येत नाही, त्याच्यासाठी ती गरज अजून तशीच आहे ना? निंबोणीचे बाबा हे नेमके ते गिऱ्हाईक आहेत ज्यांच्यासाठी ही गाडी १८८० मध्येही बरोबर होती आणि आजही आहे.

शेवंता

रोचेस्टरकर, १००% सहमत.

(अवांतर: आमच्या वेळी सायकलवर डबलसीट दिसले की पोलीस अडवायचे. चौक आला की माझी बहीण उडी मारून उतरायची, चालत चौक ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा कॅरिअरवर. एकदा हवालदार पलीकडेच उभे होते. त्यांनी काही न बोलता आमच्या चाकातली हवा सोडली आणि आम्ही बहिणी घरापर्यंत सायकल ढकलत, गाणी म्हणत गेलो.)

कोकणकडा

नगरपालिकेचा पितळी बिल्ला आणि डायनॅमो नसला की होणारा दंड, यावर वेगळा धागा काढा कोणीतरी. इथे निंबोणीचा प्रश्न राहून जाईल.

छर्रा

कालपासून दुकानात हाच विषय डोक्यात आहे. रोचेस्टरकर यांचं वाक्य वाचलं आणि वरचं माझं लिहिणं पुन्हा वाचलं. मी सगळा हिशेब वेगाचा केला होता. ताईंनी वेग मागितलाच नव्हता. तर आता बनवायच्या दृष्टीने लिहितो.

दोनचाकी नको, हे माझं मत कायम. चढता-उतरताना तोल सांभाळायला दोघांनाही दिसायला हवं. चारचाकीही नको. दोन सायकली आडव्या नळ्यांनी जोडून लोक करतात, पण आपल्या रस्त्यांवर चारांतलं एक चाक कायम हवेत राहतं आणि नळ्यांचे जोड उकलतात. तीन चाकं. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही. पुढे मधोमध एक चाक, मागे दोन. दोघांच्या चेन वेगळ्या, बाबांची डाव्या मागच्या चाकाला, तुमची उजव्या. दोन फ्रीव्हील. हँडल तुमच्याकडे, बाबांना धरायला घट्ट बसवलेला दांडा. सीट जेवढी खाली घेता येईल तेवढी, वळणावर तिरपी व्हायला नको. ब्रेक तिन्ही चाकांना. मागची रुंदी ३८ इंचांच्या आत बसवतो. तुमच्या फाटकाचं माप घ्या.

फ्लायव्हील

छर्रादादा, मस्तच. एकच शंका. प्रत्येकाने आपापलं चाक चालवलं की स्टार्लीचीच अडचण परत येते: ज्याचा जोर जास्त त्याच्या विरुद्ध बाजूला गाडी ओढणार. निंबोणी तरुण आहेत, म्हणजे गाडी बाबांकडे, डावीकडे ओढेल. हँडलने सांभाळता येईल, पण हात दुखतील.

निंबोणी

फाटक ४२ इंच. मोजताना बाबांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं.

आणि फ्लायव्हील, एक सांगायचं राहिलं. बाबांचे पाय माझ्यापेक्षा दमदार आहेत. टँडमवर चढ आला की सायकल मागून ढकलल्यासारखी जायची. मी दिवसभर खुर्चीत बसून काम करते, ते अजून सकाळी शंभर बैठका मारतात.

फ्लायव्हील

मग हिशेब उलटा! गाडी उजवीकडे, रहदारीकडे ओढणार. हे मात्र चालणार नाही. बाबांना उजवीकडे बसवलं तर?

छर्रा

नको. उजवीकडे दिसणारं माणूस हवं, गाड्या तिकडून जातात. त्यापेक्षा दाते बदलतो. ताईंच्या चाकाला १८ दात्यांचं फ्रीव्हील, बाबांच्या १६ चं. पॅडलवर तेवढाच दाब दिला तरी छोट्या फ्रीव्हीलमुळे चाकाला जोर कमी मिळतो. त्यांचे पाय तुमच्यापेक्षा जरा सावकाश फिरतील. तरी ओढली तर ताईंना २० चं टाकू. फ्रीव्हील बदलायला दहा मिनिटं लागतात. डिफरन्शियल बसवायचं म्हणजे खर्चही आणि वजनही, ते पुढचं पुढे बघू.

मिडलँड्सची माई

कोव्हेंट्रीतल्या त्या म्हाताऱ्याला हे दाते कोणीतरी सांगायला हवे होते. झुडपं तरी वाचली असती. निंबोणी, पहिल्या फेरीचा वृत्तांत इथेच हवा, बरं का.

निंबोणी

काल रात्री धागा पहिल्यापासून बाबांना वाचून दाखवला. १६ आणि १८ दाते हे त्यांना लगेच कळलं, मला समजावून सांगावं लागलं नाही, उलट त्यांनीच मला समजावलं. डावीकडे बसायला तयार आहेत. म्हणाले, फुटपाथची बाजू बरी, ओळखीचं कोणी हाक मारली तर ऐकू येईल.

छर्रादादा, बाबांची मापं: चड्डीच्या शिवणीपासून टाचेपर्यंत ३१ इंच, माझी २९. एका अटीवर ते अडून आहेत. "हँडल तुझ्याकडे, ब्रेक तुझ्याकडे, ठीक आहे. घंटी माझ्याकडे."

छर्रा

मापं लिहून घेतली. डाव्या दांड्यावर घंटीसाठी जागा ठेवतो. नवी टाकू का?

निंबोणी

नको. जिन्याखालच्या सायकलवरचीच काढून देणार आहेत. स्क्रू गंजलाय, बाबा आत्ता तिथेच बसून त्यात तेल सोडताहेत.